वसुधामावशींचा पूर्वपक्ष

नेपरव्हिलमध्ये नव्यानं आलेल्या मराठी कुटुंबाला पूर्वी दोन प्रश्न हमखास विचारले जायचे. घर भाड्याचं की विकतचं, आणि मुलं रविवारी वसुधामावशींकडे पाठवताय ना? पहिला प्रश्न अजून विचारतात. दुसरा आता कुणी विचारत नाही. का विचारत नाही ते मी सांगणार आहे, आणि सांगता सांगता माझा आवाज चढला तर चढू दे. गोष्टच तशी आहे.

वसुधामावशी मूळच्या कराडच्या. पुण्याला इतिहासात एम. ए. केलं, कुठल्यातरी कॉलेजात शिकवायचं असं मनात होतं, तेवढ्यात कुमार दिवेकरांचं स्थळ आलं आणि त्या थेट अमेरिकेत, इलिनॉयच्या बर्फात येऊन पडल्या. कुमारकाका इथे ट्रॅक्टरच्या कारखान्यात इंजिनिअर. मावशींच्या एम. ए.ला इथे कोण विचारतंय! त्या गावच्या लायब्ररीत लागल्या, परत आलेली पुस्तकं जागच्या जागी लावायला, आणि रिटायर होईपर्यंत तिथेच राहिल्या. त्याबद्दल कुरकुर अशी कधी केली नाही. पण शिकवायची खुमखुमी काही जिरत नव्हती.

त्यांच्या तेव्हाच्या अपार्टमेंटसमोर शोभा नावाची एक बाई राहायला आली. नागपूरची, बोलण्यात एकदम फटाका, पण मराठीत. इंग्रजी बोलायची वेळ आली की ती अडखळायची. दुकानात काही विचारायचं झालं की तिची सहा वर्षांची चैत्राली पुढे व्हायची, फाडफाड बोलून मोकळी व्हायची, आणि मग आईकडे अशा नजरेनं बघायची, जणू आईला काही कळतच नाही. मावशींनी ती नजर एकदा किराणाच्या काउंटरवर पाहिली. दोन-तीन रविवारांनी त्यांनी बेसमेंटमध्ये सतरंजी अंथरून मराठी शाळा सुरू केली. मुलं चार. चैत्राली त्यातली सगळ्यात लहान.

त्या शाळेची एक रीत होती. मुलांचं लिहिणं-वाचणं झालं की शेवटचा अर्धा तास आईबापांचा. मुलांना सोडून कॉफी प्यायला पळायचं नाही, आत येऊन बसायचं, आणि प्रत्येक वेळी एकानं काहीतरी सांगायचं. गोष्ट म्हणा, गंमत म्हणा, गावाकडचं भांडण म्हणा. पहिली पाळी शोभाची आली. तिनं तिच्या आजोळची म्हैस हेडमास्तरांच्या लग्नाच्या मांडवात कशी शिरली ते सांगितलं. हातवारे करून, आवाज काढून. मुलं हसून हसून सतरंजीवर आडवी झाली. चैत्राली तेवढी हसली नाही. ती आईकडे तोंड उघडं टाकून बघत राहिली.

पुढे मराठी मंडळ वाढलं, शाळा मंडळाची झाली, एका मिडल स्कूलच्या दोन वर्गखोल्या रविवारी सकाळी भाड्यानं मिळायला लागल्या. चैत्राली तिथेच शिकली, तिथेच शिकवायलाही लागली. शोभा कॅन्सरनं गेली तेव्हा पोरगी आधी मावशींच्या गळ्यात पडली, मग बापाच्या. तिच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू मावशींनी केले, उर्वीला पहिली आंघोळ मावशींनी घातली. पोटचा नील टेक्सासात प्लेनोला. तो फोनवर 'आय नो, आई' आणि 'ओके, आई' यापलीकडे जात नाही. तेव्हा शाळा आपल्यानंतर कोण बघणार, याचं उत्तर मावशींच्या मनात कधीचं तयार होतं. बोलून दाखवायची गरजच वाटली नव्हती.

आता दुसऱ्या शाळेचं सांगते, कारण घात तिथे झाला.

रिटायर झाल्यावर मावशींना खूळ लागलं. हजार-आठशे वर्षांपूर्वी माणसं शिकायची कशी? छापलेलं पुस्तक नाही, फळा नाही, परीक्षेचा पेपर नाही, तरी एवढं डोंगराएवढं शिकायची कशी? लायब्ररीतली आयती पुस्तकं हाताशी होतीच. इटलीत बोलोन्याला म्हणे विद्यार्थीच मास्तरांना नेमायचे, आणि मास्तर उशिरा आले तर त्यांनाच दंड! हे वाचून मावशी एकट्याच मोठ्यानं हसल्या होत्या. पण त्यांचं सगळ्यात लाडकं ठिकाण आपल्याकडचं, खानदेशातलं पाटण. तिथे एका ज्योतिषी पंडिताच्या नातवानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. गावच्या बाजारातून, तेलाच्या घाण्यांवरून त्या मठासाठी हिस्सा लावून दिलेला, आणि ते सगळं दगडावर कोरून ठेवलेलं. "आजोबा गेलेले, नातवानं शाळा काढली," मावशी पुन्हा पुन्हा सांगायच्या. सांगताना त्यांची नजर चैत्रालीकडे जायची. चैत्रालीला ते दिसायचं. दिसायचं म्हणजे काय, चांगलंच दिसायचं!

या खुळातून अभ्यास मंडळ निघालं. महिन्यातून एका शनिवारी दुपारी, लायब्ररीच्या छोट्या खोलीत. कुमारकाका बिस्किटांसाठी यायचे. अतुल म्हणून एक रिटायर्ड डॉक्टर होते, ते प्रत्येक गोष्टीला आधी 'छे' म्हणायचे. शिकागोहून ट्रेननं सौमित्र यायचा. तो तिकडे पीएच.डी. करणारा, विषय मध्ययुगातलं तत्त्वज्ञान, खिसा कायम रिकामा आणि डोकं कायम भरलेलं. चैत्राली त्याला स्टेशनवरून घेऊन यायची आणि थांबायची.

सौमित्रनं एकदा वादाची जुनी पद्धत समजावून सांगितली. आपल्याकडच्या शास्त्र्यांचा नियम असा की आपलं मत मांडण्याआधी विरोधकाचं मत मांडायचं. त्याला म्हणायचं पूर्वपक्ष. आणि तो मुद्दाम लेचापेचा मांडायचा नाही. विरोधकाला स्वतःला सुचला नसेल इतका बळकट मांडायचा, त्यानं 'हो, हेच माझं म्हणणं' असं कबूल केलं पाहिजे. मग त्याचं खंडन. तो उत्तरपक्ष.

"त्या काळी पॅरिसच्या विद्यापीठातही साधारण तसंच होतं, मावशी," सौमित्र म्हणाला. "पहिल्या दिवशी नुसते आक्षेप. मास्तर निर्णय द्यायचा तो दुसऱ्या दिवशी."

"आणि पहिल्याच दिवशी ऐकून कुणी घरी गेला तर?" कुमारकाकांनी बिस्किट बुडवत विचारलं.

"विषय 'देव आहे का' असा असला, तर त्याला वाटायचं की देव नाही, हेच मास्तरांचं मत," सौमित्र म्हणाला, आणि सगळे हसले. चैत्रालीही हसली.

मावशी त्या पद्धतीवर बेहद्द खूश झाल्या. त्यांनी नियमच करून टाकला. या खोलीत कुणी कुणावर तुटून पडायचं नाही. आधी समोरच्याचं म्हणणं मांडा, त्याच्या तोंडून 'हो' वदवून घ्या, मग काय तो दंगा करा. अतुल डॉक्टरांना हे फार जड गेलं, पण वर्षभरात तेसुद्धा शिकले.

ऑक्टोबरमध्ये पुढचा विषय चैत्रालीनं सुचवला. "मावशी, आपण नेहमी जुने विषय घेतो. एकदा आपलाच घेऊ या ना. मराठी शाळा हवी कशाला? आणि पूर्वपक्ष तुम्ही करा. शाळेच्या विरुद्ध. तुमच्याशिवाय कुणाला नाही जमणार."

मावशींचा चेहरा असा खुलला की विचारू नका. आपल्या हाताखाली शिकलेली पोर आपल्यालाच परीक्षेला बसवते आहे! आठवडाभर त्या तयारी करत होत्या. कुमारकाकांना स्वयंपाकघरात उभं करून मुद्दे ऐकवत होत्या. काका म्हणाले, "अगं, तू हे इतकं जोरात बोलतेस की मलाच वाटायला लागलंय शाळा बंद करावी." मावशी म्हणाल्या, "मग जमलं म्हणायचं."

त्या शनिवारी चैत्रालीनं टेबलावर पुस्तकांच्या आधारानं फोन उभा केला. "नीलला पाठवते. त्याला दिसू दे त्याची आई काय चीज आहे." मावशींनी पदर सारखा केला आणि उभ्या राहिल्या.

आणि काय बोलल्या, महाराजा!

"मी इतकी वर्षं ही शाळा चालवते आहे," त्या म्हणाल्या, "तेव्हा माझ्याकडून ऐका. मुलं इथे मराठी शिकत नाहीत. रविवारी घोकलेलं बुधवारी पुसून जातं. बाराखडी पाठ करून घरी जातात आणि व्हिडिओवर आजी दिसली की 'हाय' म्हणून खोलीत पळतात. आपण त्यांना पाठवतो ते त्यांच्यासाठी नाही. गाव आपण सोडलं, आईबापांना म्हातारपणी एकटं आपण टाकलं, आणि त्याची टोचणी कमी व्हावी म्हणून दर रविवारी या लेकरांना बाकावर बसवतो. गुन्हा आपला आणि शिक्षा त्यांना. मी हे डोळ्यांनी बघत आले आणि बोलले नाही, कारण शाळा गेली तर माझ्याजवळ काय राहतं? म्हणजे ही शाळा मुलांसाठी नाही, ती माझ्यासाठी आहे. बंद करा ही शाळा. मुलांना त्यांचा रविवार परत द्या."

टाळ्या पडल्या. अतुल डॉक्टर चक्क उभे राहिले. असा पूर्वपक्ष आजवर त्या खोलीत कुणी मांडला नव्हता. शेवटचं ते शाळा माझ्यासाठी असल्याचं वाक्य तर तयारीत नव्हतंच, ते उभ्या उभ्या सुचलं होतं. कुठून सुचलं कोण जाणे.

चहा झाला. फोन चैत्रालीनं उचलून घेतला होता. मावशींनी उत्तरपक्ष सुरू केला तेव्हा ती कुणाशी तरी बोलत बाहेर होती, एकदा आत डोकावली, पुन्हा गेली. मावशींच्या ते नजरेत आलं, पण सेक्रेटरीच्या मागे कामं असतातच. चैत्राली तेव्हा मराठी मंडळाची सेक्रेटरी होती.

नोव्हेंबर अर्धा सरला तेव्हा मावशी इंडियन ग्रोसरीत भेंडी मोडून बघत होत्या. मागून नीना आली. तिची दोन मुलं शाळेत होती. तिनं भेंडीसकट मावशींना मिठीच मारली.

"मावशी, किती मोठं मन तुमचं! असं बोलायला हिंमत लागते. मी तर रडले हो बघून."

"काय बघून गं?"

"तुमचा व्हिडिओ! मी लगेच व्होट केलं. आमचा ईशान तर नाचतोय, नो मोअर संडे स्कूल म्हणून."

मावशींना काही उमगेना. मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप त्यांनी कधीच गप्प करून टाकला होता, उठल्यासुटल्या फुलांचे फोटो येतात म्हणून. नीनानं आपला फोन पुढे केला. त्यात मावशी स्वतःच उभ्या होत्या, पदर सारखा केलेला. बोलत होत्या. 'मुलांना त्यांचा रविवार परत द्या,' आणि टाळ्या. टाळ्यांवर व्हिडिओ संपत होता. वर लिहिलेलं होतं, 'आपल्या लाडक्या वसुधामावशींचं मनोगत.' आणि खाली मतदान. जानेवारीपासून त्या दोन खोल्यांमध्ये मराठी शाळा चालू ठेवावी, की मुलांसाठी पब्लिक स्पीकिंग आणि डिबेटचा क्लास सुरू करावा? मतदान होतं अवघं तीन दिवस, आणि ते आदल्याच दिवशी बंद झालं होतं. डिबेट भरघोस मतांनी जिंकलं होतं. पाठवणाऱ्याचं नाव चैत्राली.

मनोगत! अहो, ज्या बाईनं आठवडाभर खपून विरोधकाची बाजू बांधली, तिच्या तोंडावर 'मनोगत' असं लिहून चिकटवलं! माणूस नाटकात खलनायक होतो म्हणून कुणी त्याला स्टेजच्या मागच्या दारानं पोलिसात देतं का?

मावशी भेंडी तिथेच ठेवून घरी आल्या. कुमारकाकांना सांगितलं तेव्हा ते आधी हसले, त्यांना ते खरंच वाटेना. मग त्यांनी चष्मा लावून व्हिडिओ पाहिला, आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"केसानं गळा कापला पोरीनं!"

"असं नका बोलू," मावशी म्हणाल्या. "तिनं उत्तरपक्ष ऐकलाच नाही. ती बाहेर होती, फोनवर. तिला वाटलं असेल मी खरंच तसं म्हणते आहे."

"वर्षभर त्या खोलीत येते आहे ती. तिला नियम माहीत नाही?"

"ऐकलंच नाही तर नियम काय करणार? मी इतकं मनापासून बोलले. कुणालाही वाटलं असतं."

काकांनी चष्मा काढून ठेवला. एवढ्या वर्षांच्या संसारात वाद कुठे थांबवायचा एवढं त्यांना कळत होतं.

मावशींनी चैत्रालीला फोन लावला. उचलला नाही. थोड्या वेळानं मेसेज आला, 'मावशी सो बिझी, विल कॉल.' तो कॉल काही आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. सौमित्रला कळलं तेव्हा तो पोरगा भयंकर संतापला. त्यानं मंडळाच्या ग्रुपवर भलंमोठं स्पष्टीकरण टाकलं. हा पूर्वपक्ष आहे, हे मावशींचं मत नव्हे, ही जुनी पद्धत अशी अशी असते, दुसरा अर्धा भाग कापलेला आहे. त्यावर पंधरा-वीस अंगठे आले, कुणी हात जोडल्याचं चित्र टाकलं. मग एकानं लिहिलं, 'ओके, पण मावशींचे पॉइंट्स तर खरेच आहेत ना!' आणि त्याच्याखाली अंगठ्यांची रांग लागली.

ते मावशींना फार लागलं. लोकांना फसवलं असतं तर एकवेळ समजण्यासारखं होतं. लोक सुटल्यासारखे झाले होते! रविवारी सकाळी थंडीत पोरांना गाडीत कोंबण्यातून सुटले होते, आणि वर मावशींनीच सोडवलं म्हणून त्यांना मिठ्या मारत होते. अतुल डॉक्टर भेटायला आले, बराच वेळ बसले, आणि निघताना म्हणाले, "वसुधा, तू इतकं चांगलं मांडायला नको होतंस." मावशींनी त्यांना दारापर्यंत सोडलं आणि दार जरा जोरातच लावलं.

पण चैत्रालीबद्दल त्या एक शब्द ऐकून घेईनात. तिनं ऐकलं नाही, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं. शाळा गेली तर गेली, तिचं काय करायचं ते पुढे बघता येईल. बेसमेंट आहे, सतरंजी आहे. पण चैत्रालीनं ऐकून सवरून हे केलं असेल, तर मग मागचं सगळंच हातातून जात होतं. ती सतरंजी, शोभाची म्हैस, डिंकाचे लाडू, सगळंच.

थँक्सगिव्हिंग झाल्यावर एका दुपारी त्या कुमारकाकांना घेऊन चैत्रालीच्या घरी गेल्या. फोन न करता. अमेरिकेत असं कुणी जात नाही, पण आता कसली रीत! बर्फ भुरभुरत होता. काका म्हणाले, "मी गाडीतच बसतो. मी आत आलो तर तोंडातून काहीतरी निघेल." उर्वी पियानोच्या क्लासला गेली होती. चैत्राली एकटीच होती. दार उघडून ती जागच्या जागी उभी राहिली.

"ये म्हण," मावशी म्हणाल्या.

"या ना, मावशी."

स्वयंपाकघरात बसल्या. चैत्रालीनं चहाचं आधण ठेवलं आणि पाठ वळवूनच बोलायला लागली.

"आय वॉज गोइंग टू कॉल. खरंच. मला कळत नव्हतं काय बोलू. मावशी, उर्वी दर रविवारी सकाळी रडते. प्रत्येक घरात हेच चालू आहे, फक्त तुम्हाला कुणी सांगत नाही. मला दोन वर्षं सांगायचं होतं. पण मी म्हटलं असतं तर सगळे म्हणाले असते, बघा, मावशींची चैत्रालीच शाळेवर उलटली."

"म्हणून माझ्या तोंडून वदवलंस."

"तुम्ही म्हणालात तर कुणी काही बोललं नाही. तुम्ही माझ्यापेक्षा खूप चांगलं बोललात. मी तेच बोलले असते."

"विषय त्यासाठीच सुचवलास?"

चहा उतू जायला आला. चैत्रालीनं गॅस बंद केला.

मावशींना काय ते कळलं. तरीसुद्धा, बघा माणसाचं मन, तरीसुद्धा त्या वेडीनं आपली एक काडी सोडली नव्हती. विषय सुचवला असेल, व्हिडिओ केला असेल, पण उत्तर ऐकलं नव्हतं ना? ऐकलं असतं तर पोरीचा हात धजला नसता.

"बरं," त्या म्हणाल्या. "मी तुझा पक्ष मांडला. तूच म्हणालीस, तुझ्यापेक्षा चांगला मांडला. आता तू माझा मांड."

"मावशी, प्लीज."

"नियम आहे. ज्याचं खंडन केलंस त्याचं म्हणणं आधी मांडायचं. शाळा बंद केलीस ना? मग माझं म्हणणं मांड. नाही माहीत तर नाही म्हण. मी उठून जाते, आणि पुन्हा हा विषय काढणार नाही."

नाही म्हण, नाही म्हण, असं त्या मनात म्हणत होत्या. देवासमोर म्हणावं तसं.

चैत्राली वळली. ओट्याला टेकून उभी राहिली, खाली बघत. आणि बोलायला लागली तेव्हा तिच्या बोलण्यात एकही इंग्रजी शब्द नव्हता.

"तुमचं म्हणणं असं आहे की मुलं मराठी शिकत नाहीत, हे खरं. विसरतात, हेही खरं. पण शाळा त्यासाठी नाहीच. आठवडाभर मुलं आईबापांना परक्या भाषेत बघतात. दुकानात अडखळताना, शाळेतल्या बाईंसमोर ओशाळं हसताना, फोनवर एकच गोष्ट तीनदा सांगताना. मुलांना वाटतं आपले आईबाप थोडे मंदच आहेत. मोठी होतात तरी ते मनात राहतं. रविवारी शेवटचा अर्धा तास तीच आई उभी राहते आणि गोष्ट सांगते, आणि खोली हसून लोटपोट होते. तेव्हा मुलाला पहिल्यांदा कळतं की आपली आई हुशार आहे. विनोदी आहे. तिला कुणी हरवू शकत नाही. भाषा विसरली तरी चालेल, हे विसरत नाही. शाळा मुलांना मराठी देण्यासाठी नाही. मुलांना त्यांचे आईबाप देण्यासाठी आहे."

ती थांबली. मग आणखी हळू म्हणाली, "एका मुलीला तिची आई त्या सतरंजीवर मिळाली, असं तुम्ही म्हणालात. नाव नाही घेतलंत. ती आई गेली तेव्हा त्या मुलीला दुकानातली आई आठवली नाही, म्हशीची गोष्ट सांगणारी आठवली. हे तुम्ही नव्हतं सांगितलं. हे मी सांगते आहे."

"कुठे होतीस तू?" मावशींनी विचारलं.

"दाराबाहेर. फोनवर कुणी नव्हतं. मला आत बसून ऐकवलं नसतं, म्हणून बाहेर उभी होते. सगळं ऐकलं."

बाहेर कुमारकाकांनी गाडीचे वायपर एकदा फिरवले. त्या आवाजानं मावशी भानावर आल्या. नियमाप्रमाणे आता त्यांची पाळी होती, आणि तो नियम त्यांनीच घातलेला होता.

"हो," त्या म्हणाल्या. "हेच माझं म्हणणं."

चैत्रालीनं मान वर केली. तिचे डोळे भरलेले होते. मावशींना एरवी ते बघवलं नसतं, पण आज त्या बघत राहिल्या.

"आता खंडन कर," त्या म्हणाल्या.

चैत्रालीनं डोळे पुसले.

"कर ना. आहे काही उत्तर?"

"नाही," चैत्राली म्हणाली. "पण मतदान झालंय, मावशी."

मावशी उठल्या. ओट्यावरचा चहा गाळायचा राहिलाच होता. त्यांनी कोट घातला, बटणं लावताना दोनदा चुकल्या. चैत्राली मदतीला पुढे आली तशी त्यांनी हात मागे घेतला. मग दार ओढून घेतलं आणि पायऱ्यांवरचा बर्फ चुकवत हळूहळू गाडीपाशी आल्या. कुमारकाकांनी आतून दार उघडून दिलं, हीटर वाढवला, आणि त्या नीट बसेपर्यंत थांबले.

"काय म्हणाली? ऐकलं नव्हतं ना तिनं?"

"एक शब्द चुकली नाही हो," वसुधामावशी म्हणाल्या. "इतकं सुंदर मला पण जमलं नव्हतं." आणि पदर तोंडाला लावून त्या रडायला लागल्या.